रविवारचं घर

गोपाल भोयरने घर बांधलं तेव्हा पुलगावात कोणाला नवल वाटलं नाही. मोटार वाइंडिंगचं त्याचं दुकान चांगलं चालायचं. रोहण्यापासूनचे शेतकरी जळालेले पंप त्याच्याकडे घेऊन यायचे. बायको अंकिता घरी ब्लाउज शिवायची. आज ना उद्या ही माणसं स्वतःच्या घरात जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. पूजा झाली, जेवणावळ झाली, सामान हललं, आणि थोड्याच दिवसांत ती दोघं लेकीला घेऊन पुन्हा मोतीलाल शेठच्या माडीवर भाड्याने राहायला आली. गुंजनची परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा झाली, निकाल लागला, ती पुढच्या वर्गात गेली, तरी माणसं माडीवरच.

घर होतं आर्वी रोडला, शेत मोडून पाडलेल्या लेआउटमध्ये. प्लॉट बरेच विकले गेले होते, पण घर एवढं एकच उभं राहिलं होतं. बाकीच्या प्लॉटांत कुठे दगडी खुणा, कुठे मालकाने सोडून दिलेली कपाशीची पऱ्हाटी. मागच्या बाजूला एक नाला, आणि नाल्यापलीकडे टिनाच्या छपरांची जुनी वस्ती. त्या वस्तीकडे जायचं यांना काही कारण नव्हतं.

घर वाईट होतं असं मुळीच नाही. फरशी अंकितानेच पसंत केली होती, स्वयंपाकाचा ओटा तिच्या उंचीला बेतून घेतला होता, आणि समोर चांगला ऐसपैस व्हरांडा काढून घेतला होता. पण राहायला गेल्यावर तिचं काहीतरी बिनसलं. मोतीलालच्या माडीवर खालच्या किराणा दुकानाचा आवाज दिवसभर वर यायचा. गिऱ्हाइकांची घासाघीस चालायची, कोणी पोत्यावर पोतं टाकायचं, शेठच्या पत्नी शोभाकाकू जिन्यातून हाक मारायच्या. नव्या घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. गोपाल दुकानात आणि गुंजन शाळेत गेली, की अंकिता एकेका खोलीत जाऊन कड्या लागल्यात का ते बघायची, आणि पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरू करायची. जेवण जाईना. मशीनवर बसायची, पण गिऱ्हाईक एवढ्या लांब येत नव्हतं. डॉक्टरने तपासलं, रक्त बघितलं, काही सापडलं नाही. तिला सगळ्यात जास्त लाज याची वाटायची, की या घरासाठी हट्ट तिनेच धरला होता.

माडीवर परतल्यावर आठवड्याभरात तिची भूक परत आली. हे बघून गोपाल चकित झाला आणि मग विचारात पडला.

तो मुळात चौकस माणूस. पंप जळाला तर नुसती तार भरून देणं त्याला जमायचं नाही. का जळाला, हे कळेपर्यंत तो शेतकऱ्याला सोडायचा नाही. तसंच त्याने आता एक नवीन सुरू केलं. दुकानात आलेल्या माणसाला चहा पाजायचा आणि विचारायचं, की तुम्ही घर बांधलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का.

लोक आधी हसायचे. मग सांगायचे. रोहण्याचे नत्थूजी म्हणाले, की घर झालं त्या वर्षी ते लग्नकार्यालाही गेले नाहीत, घरीच बसून भिंती बघायचे. डेपोतून रिटायर झालेले अण्णाजी म्हणाले, की क्वार्टरमध्ये नळ गळला तर ऑफिसला शिव्या देता यायच्या, आता कोणाला द्यायच्या हेच समजत नाही. आंजीच्या एका माणसाने सांगितलं, की त्याची बायको नव्या घरात पहिल्यांदा मोठ्याने गायला लागली, आणि ती गाते हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. गोपाल हे सगळं रात्रीच्या जेवणाला अंकिताला सांगायचा. कोणाचं कोणाशी जुळायचं नाही.

शेवटी त्याने खुद्द मोतीलाल शेठला विचारलं. शेठ पुड्या बांधत होते ते थांबले.

“मेरे को मालूमच नाही, गोपालभाऊ,” ते म्हणाले. “मी कधी दुसऱ्याच्या घरात राहिलोच नाही. कशाशी ताडून सांगू?”

रविवारी मात्र तिघं नव्या घरी जायची. डबा घेऊन जायची, खिडक्या उघडायची, झाडून पुसून घ्यायची, खाली बसून जेवायची. गुंजन चित्रं काढायची, गोपाल गार फरशीवर ताणून द्यायचा. त्या दिवशी अंकिताला ते घर फार आवडायचं. सोमवारी त्याचा विचारही नको वाटायचा.

असं चाललेलं असताना उन्हाळा लागला, आणि एका रविवारी अंकिताच्या लक्षात आलं, की व्हरांडा झाडायची गरजच नाही. आठवडाभर उडालेली धूळ तिथे असायला हवी होती. कोपऱ्यातसुद्धा नव्हती.

तिने गोपालला दाखवलं. तो म्हणाला, वाऱ्याने गेली असेल. पुढच्या रविवारी भिंतीवर तेलाचा डाग दिसला, खाली बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर. आता गोपालही वाकला. ओल्या फडक्याने त्याने तो घासला, पण नवा रंग तेल पिऊन बसला होता. त्याला राग आला. फाटकाला कुलूप लावू या, म्हणाला, पण ते राहून गेलं. त्यानंतरच्या रविवारी फरशीच्या फटीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला आणि पायरीशी वाळलेल्या कणकेचा एक बारीक धागा. अंकिताने तो बोटांत धरून उन्हात बघितला.

“हे तर सरगुंडे वाटून राह्यले,” ती म्हणाली.

सरगुंडे म्हणजे वऱ्हाडातलं उन्हाळी काम. कणकेचा धागा बारीक काडीवर गुंडाळायचा, वाळला की काढून ठेवायचा, आणि पुढे आमरसासोबत शिजवून खायचा. एकटीने होणारं ते कामच नाही. म्हणजे आपल्या घरी आपल्यामागे बायकांचा घोळका बसतो, एवढं तिला कळलं. कोणत्या बायका, कुठून येतात, काय बोलतात, हे कळत नव्हतं. सोमवारी तिला पहिल्यांदाच त्या घराचा विचार नको वाटला नाही. ब्लाउजला काजं करताना ती तोच विचार करत होती. मंगळवारीही. बुधवारी दुपारी ती दुकानात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की शटर पाडा, आपण जाऊन बघू.

गोपालने गाडी लेआउटच्या कमानीपाशीच उभी केली. मी पुढे जाते, हाक मारली तर या, असं सांगून ती डोक्यावरून पदर घेऊन उन्हातून चालत गेली.

व्हरांड्यात पाच-सात जणी होत्या. मधे परात, भोवती काड्या, एका बाजूला ओल्या कापडात गुंडाळलेली घागर. भिंतीला, बरोबर त्या डागाच्या जागी, डोकं टेकून एक म्हातारी पाय पसरून बसली होती. त्यांनी अंकिताकडे बघितलं, पण कोणी उठलं नाही.

“प्लॉट पाहाले आली का वो?” म्हातारीने विचारलं. “ये, सावलीत बस. पानी पे.”

अंकिता काय ठरवून आली होती ते तिला नंतर आठवेना. ती बसली. तिला पाणी मिळालं. बसलीच आहेस तर हात लाव, असं म्हणून कोणीतरी तिच्या पुढ्यात कणकेचा गोळा आणि काडी सरकवली, आणि ती आपल्याच घराच्या व्हरांड्यात पाहुणी होऊन सरगुंडे वळायला लागली.

म्हातारीचं नाव देवकाबाई. सगळ्या नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या. टिनाखाली दुपारी बसवत नाही, म्हणून त्या इकडे येत होत्या. रविवारी मात्र सगळ्यांना बाजार असायचा, त्यामुळे इथे कोणी येतं-जातं याचा त्यांना पत्ता नव्हता.

अंकिताने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, की घर कोणाचं आहे.

“हाय कोन्या मानसाचं,” देवकाबाई म्हणाली. “बांधलं आन् निंघून गेला.”

यावर सगळ्यांना काही ना काही सांगायचं होतं. एकीच्या मते मालक पुण्याला असतो. कमलाबाई नावाची जाडगेलीशी बाई म्हणाली, की वास्तूत दोष निघाला. एका तरुण पोरीला खात्री होती, की नवरा-बायकोचं पटत नाही, बाई माहेरी गेली आहे, म्हणून घर बंद. अंकिताचे हात चालत होते आणि कान तापले होते. राग येत होता, हसूही येत होतं. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल कोणी इतका विचार केला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“तुमाले काय वाटते, मावशी?” तिने देवकाबाईला विचारलं. “काऊन नसतीन राहत ते?”

देवकाबाईने काडीवरचा धागा संपवला. “भेव वाटलं असन,” ती म्हणाली. “मले घरकुल भेटलं तवा मी बाहेर छपरीतच निजो. पोरगं म्हने, माय, अंदर ये. माया पायच नाई उचले. नुसता नव्या भिंतीचा वास येये.”

“मंग?”

“मंग काय. एक कुत्री जाऊन अंदर व्याली. तिच्या पिल्लायले पाहाले घडीघडी जावं लागे. जाता जाता राह्यली.”

बाकीच्या हसल्या. अंकिता हसली नाही. तिचं बोट काडीवर थांबलं होतं.

कमानीपाशी गोपाल उन्हात ताटकळून लाल झाला होता. ती बराच वेळाने आली, हाताला कणीक लागलेली. काय झालं, कोण आहे, असं तो विचारत राहिला. तिने गाडीवर बसल्यावर एवढंच सांगितलं, की उद्या पुन्हा यायचं आहे.

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. पुढे तर शेअर ऑटोने एकटीच यायला लागली. आपण कोण, हे तिने सांगितलं नाही. पुलगावात राहते, ब्लाउज शिवते, इकडे प्लॉट घ्यायचा विचार आहे, एवढंच. गोपालला हे पटत नव्हतं. आपल्याच घरी खोटं बोलून बसायचं म्हणजे काय, असं तो म्हणाला. तिलाही ते खटकत होतं, पण सांगितलं तर काय होईल याची तिला धाकधूक होती. त्या दिवसांत ती दुपारी दोन भाकरी खायची आणि संध्याकाळी शोभाकाकूंना जिन्यात बसून सगळं सांगायची. काकू पुढे काय झालं म्हणून वाट बघायच्या.

शेवटी ते आपोआपच फुटलं. ऊन असं पडलं होतं की नाल्याकडचा रस्ता बघवत नव्हता. परात अर्धी झाली असताना कमलाबाईच्या हातातली काडी पडली. तिचा चेहरा पांढरा झाला आणि ती बाजूला कलंडली. घागरीत तळाला घोटभर पाणी होतं. कोणी पदराने वारा घालायला लागलं, कोणी वस्तीकडे पळायला निघालं.

अंकिताने पिशवीतून किल्ली काढली, दार उघडलं, आत जाऊन पंखा लावला आणि म्हणाली, “हिले अंदर आना.”

कमलाबाईला गार फरशीवर निजवलं. अंकिताने मोरीतून पाणी आणलं, डोक्यावर मारलं, मीठ-साखरेचं पाणी करून चमच्याने पाजलं. रविवारसाठी ठेवलेलं मीठ कुठे, साखर कुठे, चमचा कुठे, हे तिला न शोधता सापडत होतं, आणि बाकीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ते बघत होत्या. थोड्या वेळाने कमलाबाई उठून बसली. तिने वर बघितलं, पंख्याकडे, मग अंकिताकडे.

“तुयं घर हाय?” तिने विचारलं.

अंकिताने हो म्हणून मान हलवली.

नवरा-बायकोचं पटत नाही म्हणणारी पोरगी खालीच बघत राहिली. त्यांनी परात उचलली, काड्या गोळा केल्या. देवकाबाईने जाताजाता व्हरांडा झाडला. राहू द्या, बसा ना, असं अंकिता म्हणत राहिली, पण त्या कमलाबाईला धरून नाला ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्हरांडा रिकामा होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. अंकिता वाट बघून परतली. असे काही दिवस गेल्यावर ती उठली आणि पहिल्यांदा नाला ओलांडून वस्तीत गेली. देवकाबाईचं घरकुल शोधायला वेळ लागला नाही. एक खोली, पुढे टिनाची छपरी. छपरीखाली भट्टीसारखं तापलं होतं आणि तिथेच देवकाबाई एकटी काड्या घेऊन बसली होती.

अंकिताने माफी मागितली. खोटं बोलायला नको होतं, म्हणाली. देवकाबाईने ते हातानेच उडवून लावलं. त्याचं काही नाही, तू कमलीला वाचवलंस, म्हणाली.

“मंग काऊन नाई येत?”

“तवा मालूम नोतं कोनाचं हाय. आता मालूम झालं.”

“म्हंजे मी नोती तवा चालत होतं?”

“हो,” देवकाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “आता हात अवघडते बाई. काई सांडलं त का म्हनशीन, भिंतीले टेकलं त का म्हनशीन. तू नाई म्हननार, मले समजते. पन हात अवघडते.”

अंकिता हे घेऊन घरी आली. रात्री तिने गोपालला जसंच्या तसं सांगितलं. घर तेच, व्हरांडा तोच, ऊनही तेच. मग फक्त आपण तिथे दिसलो म्हणून ती जागा त्यांना परकी कशी झाली? आणि मालक म्हणून गेले तेव्हा मलाही ती गिळायला का उठली होती, आणि पाहुणी म्हणून बसले तेव्हा का नाही? गोपालने बराच विचार केला. पंपाचं असतं तर मी उघडून बघितलं असतं, म्हणाला.

“मंग उघडूनच पाहू,” अंकिता म्हणाली. “गुंजनले सुट्ट्या हायेत. आपण राहाले जाऊ.”

पुन्हा तब्येत बिघडली तर, असं त्याने विचारलं. बिघडली तर परत येऊ, काकू खोल्या कोणाला देणार नाहीत एवढ्यात, असं ती म्हणाली. तिला खरोखर बघायचं होतं, की त्या येतात का.

निघताना शोभाकाकूंनी डबा भरून लोणचं दिलं, आणि जिन्यात उभ्या राहिल्या त्या खाली उतरल्याच नाहीत.

नव्या घरी अंकिताने मशीन आतल्या खोलीत न ठेवता व्हरांड्यात मांडली. पहिले दिवस कोणी आलं नाही. गुंजन आत चित्रं काढत असायची, व्हरांड्यात ती एकटीच होती, मागच्यासारखीच. पण आता ती पंख्याकडे कान लावून बसायची नाही. फाटकाकडे लावून बसायची. दुपारी नाल्याकडून कोणी चालत आलं की मशीनचं पायडल आपोआप थांबायचं. बहुतेक वेळा ते शेताकडे जाणारं माणूस असायचं.

पहिली आली कमलाबाई. हातात ब्लाउजपीस होता. माप दिलं, गळा कसा हवा ते सांगितलं, तरी निघेना. मग पायरीवर टेकली. दुसऱ्या दिवशी ती दुसरीला घेऊन आली, तिलाही ब्लाउज शिवायचा होता. तिसरी नुसतीच आली. सगळ्या नाही आल्या. ती तरुण पोरगी पुन्हा कधी व्हरांड्यात बसली नाही. रस्त्यात दिसली तर घाईने हसून जायची. अंकिताला त्याचं वाईट वाटायचं. तिला एकदा तरी सांगायचं होतं, की तू जे बोललीस त्यात अगदीच काही नव्हतं असं नाही. घर झालं त्या वर्षी आम्ही खूप भांडलो होतो.

देवकाबाई सगळ्यात शेवटी आली. आली ती फाटकाबाहेर उभी राहून “येऊ का वो?” म्हणाली. आणि मग रोजच म्हणायला लागली. पूर्वी बेधडक येऊन पाय पसरणारी बाई आता हाक मारल्याशिवाय कडी काढायची नाही. विचारू नका, असं अंकिताने चारदा सांगून बघितलं. विचारावं लागतं, एवढंच उत्तर मिळायचं.

तब्येतीचं काय, हे शोभाकाकूंनी फोनवर विचारलं तेव्हा अंकिताला नीट सांगता आलं नाही. झोप कधी लागायला लागली हे तिला आठवत नव्हतं. कड्या अजूनही कधी कधी ती दोनदा बघायची. गिऱ्हाईक वस्तीतून यायचं, पुलगावचं कमी झालं होतं. शाळा सुरू झाल्यावर गुंजनला गोपाल गाडीवर सोडायला लागला आणि दोघं उशीर झाला म्हणून रोज सकाळी एकमेकांवर चिडायचे. परत जायचं का, हा विषय मात्र कोणी काढला नाही. काढायचा राहिला, की संपला, तेही कोणी विचारलं नाही. पुढे काकूंनी माडी एका नव्या जोडप्याला दिली.

पावसाने उघडीप दिलेली एक दुपार होती. अंकिताचा जेवल्यावर डोळा लागला. नव्या घरात दुपारची झोप, तीही दार उघडं ठेवून, तिला पहिल्यांदाच लागली होती. जाग आली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ती धडपडत बाहेर आली, तर व्हरांड्यात देवकाबाई होती. तिने हाक मारली असेल, कोणी ओ दिली नसेल, आणि ती तशीच आत आली असेल. भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, ती गाढ झोपली होती. पायांशी निवडायला आणलेली भाजी तशीच पडली होती.

एक ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. अंकिता मशीनवर बसली, पायडलवर पाय ठेवला आणि काढून घेतला. मग तिने सुई-दोरा शोधला, खाली बसली, आणि हातानेच टाके घालायला लागली.